लेले आणि अरविंद : शिष्याच्या साक्षीतील गुरू

१

मराठी संतांच्या गुरुपरंपरेचा विचार करू लागले की एक गोष्ट प्रथम लक्षात येते. पुष्कळशा गुरूंची ओळख आपल्याला त्यांच्या शिष्यांच्या वाणीतून होते. देवगिरीचे जनार्दनस्वामी मराठी वाचकाच्या स्मरणात आहेत ते प्रामुख्याने एकनाथांच्या नाममुद्रेमुळे. बाबाजींनी स्वप्नात येऊन मंत्र दिला, ही वार्ता तुकोबांनीच सांगितली आणि तिच्यापलीकडे बाबाजींविषयी आपल्या हाती फारसे काही लागत नाही. विसोबा खेचर नामदेवांच्या नावावरील अभंगांत दिसतात आणि तेथेच थांबतात. अशा ठिकाणी साक्ष देणारा शिष्य कृतज्ञ असतो. गुरूचा अधिकार किती, त्याची रीत कोणती, ती कोठवर पुरली आणि कोठे अपुरी पडली, हे प्रश्न तो विचारीत नाही. त्याच्या भूमिकेत ते बसतच नाहीत.

विसाव्या शतकाच्या आरंभी घडलेल्या एका गुरुशिष्यसंबंधात मात्र हे प्रश्न शिष्यानेच विचारले आणि त्यांची उत्तरेही त्यानेच लिहून ठेवली. हा शिष्य म्हणजे अरविंद घोष आणि गुरू म्हणजे विष्णु भास्कर लेले. पुढे जगभर ज्यांच्या ग्रंथांचा अभ्यास झाला त्या अरविंदांना ज्याने पहिला मोठा आध्यात्मिक अनुभव मिळवून दिला, तो एक फारसा प्रसिद्ध नसलेला महाराष्ट्रीय गृहस्थ होता. लेल्यांनी ग्रंथ लिहून मागे ठेवला नाही. त्यांचे म्हणणे, त्यांची पद्धती, त्यांचे कौतुक आणि त्यांचा संशय, हे सारे बहुतांशी अरविंदांच्या पत्रांतून, टिपणांतून आणि संभाषणांतून शिल्लक राहिले आहे.

या साक्षीतून दोन प्रश्न निर्माण होतात. अरविंदांनी लेल्यांच्या अनुभवाचे आणि शिकवण्याच्या रीतीचे मूल्यमापन कसे केले, हा पहिला. दुसरा अधिक अवघड आहे. लेल्यांनीही अरविंदांविषयी एक निर्णय दिला होता आणि तो प्रतिकूल होता. त्या निर्णयाची नोंदही अरविंदांकडूनच आपल्याला मिळते. ज्याच्याविषयी निर्णय दिला गेला त्याच्याच मुखातून तो ऐकताना, देणाऱ्याची बाजू पुन्हा उभी करता येईल काय? माझ्या मते काही अंशी येते, आणि ती उभी केल्यावाचून या प्रसंगाचा इतिहास पुरा होत नाही.

२

घटनाक्रम थोडक्यात असा. अरविंद १८७९ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि १८९३ मध्ये परतून बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. बडोद्यातील वास्तव्यात त्यांचा महाराष्ट्रीय मंडळींशी निकटचा संबंध आला. केंब्रिजपासूनचे स्नेही केशवराव देशपांडे यांच्या आग्रहावरून त्यांनी मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’मध्ये काँग्रेसच्या मवाळ धोरणावर कठोर टीका करणारी लेखमाला लिहिली. खासेराव आणि माधवराव जाधव हे बंधू त्यांच्या जिव्हाळ्याच्या वर्तुळातले. याच काळात ते मराठी शिकले.

योगाकडे ते वळले ते मोक्षाच्या ओढीने नव्हे. देशकार्यासाठी शक्ती मिळवावी, हा त्यांचा हेतू होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. १९०५ च्या सुमारास, चांदोदच्या ब्रह्मानंदांचे शिष्य असलेल्या देवधर नावाच्या अभियंत्याकडून त्यांनी प्राणायामाची माहिती घेतली आणि स्वतःच अभ्यास चालवला. त्याचे फळ म्हणून काव्यरचनेचा ओघ अतोनात वाढला, असे ते पुढे सांगत असत. मात्र राजकारणाच्या धकाधकीत अभ्यास तुटला, प्रकृती बिघडली आणि पुढची वाट दिसेनाशी झाली.

१९०७ च्या डिसेंबरात सुरतेची काँग्रेस फुटली. तेथून अरविंद बडोद्याला आले. त्यांचे धाकटे बंधू बारींद्र यांनी लेल्यांना ग्वाल्हेरहून बोलावून घेतले होते. खासेराव जाधवांच्या घरी भेट झाली. काही दिवस तरी राजकारण बाजूला ठेवावे, अशी अट लेल्यांनी घातली आणि सरदार मजुमदारांच्या वाड्यातील वरच्या मजल्यावरच्या एका लहान खोलीत दोघे बसू लागले. तीन दिवसांत अरविंदांचे मन निःशब्द झाले आणि त्या निःशब्दतेत निर्गुण ब्रह्माचा अनुभव आला. जग चित्रपटातल्या छायांसारखे अवास्तव भासू लागले.

याच अवस्थेत जानेवारी १९०८ मध्ये ते पुण्याला आणि मुंबईला गेले. लेले सोबत होते. मुंबईत १९ जानेवारीला व्याख्यान ठरलेले, आणि मनात तर एकही विचार नाही. लेल्यांनी प्रार्थना करण्यास सांगितले, पण प्रार्थना करण्याइतकी हालचालही मनात उरलेली नव्हती. तेव्हा लेले म्हणाले की प्रार्थना आम्ही करू. तुम्ही सभेत जा, श्रोत्यांना नारायण समजून नमस्कार करा आणि थांबा, बोलणे आपोआप येईल. तसेच घडले. या दौऱ्यातली पुढची भाषणे आणि नंतरचे आपले सारे लेखन याच रीतीने झाले, असे अरविंदांनी वेळोवेळी सांगितले आहे.

निरोपाच्या वेळी लेले पुढील साधनेच्या तपशीलवार सूचना देत होते. बोलता बोलता अरविंदांनी आपल्या अंतःकरणात उमटलेल्या एका मंत्राचा उल्लेख केला. लेले मध्येच थांबले. ज्याने हा मंत्र दिला त्याच्यावर संपूर्ण विसंबून राहता येईल काय, असे त्यांनी विचारले. येईल, असे उत्तर मिळताच, मग माझ्या सूचनांची गरज उरली नाही, असे म्हणून त्यांनी आपले गुरुपण आवरते घेतले.

त्यानंतर काही आठवड्यांतच, मे महिन्यातील अटकेपूर्वी, लेले बंगालमध्ये आले असता दोघांची पुन्हा भेट झाली. सकाळ-संध्याकाळ ध्यान करता काय, असे लेल्यांनी विचारले. नाही, असे अरविंद म्हणाले. ध्यान अहोरात्र चालूच आहे, हे त्यांनी सांगितले नाही. लेल्यांनी निर्णय दिला की तुम्हाला सैतानाने धरले आहे. तो सैतान असेल तर मी त्याच्याच मागे जाईन, असे अरविंदांचे उत्तर होते. गुरुशिष्यसंबंध तेथे संपला.

३

ही कथा आपल्याला तीन प्रकारच्या संहितांतून मिळते. त्यांच्यातील भेद लक्षात न घेतल्यास मूल्यमापन फसते.

पहिला प्रकार पत्रांचा. १९२६ नंतर अरविंद एकांतात गेले आणि १९३० च्या दशकात शिष्यांशी त्यांचा मोठा पत्रव्यवहार झाला. लेल्यांचा उल्लेख या पत्रांत विशिष्ट प्रयोजनाने येतो. गुरू शिष्यापेक्षा सर्वच बाबतींत श्रेष्ठ असावा लागतो काय, गुरूत दोष दिसले तर त्याच्याकडून काही मिळू शकते काय, अशा शंकांना उत्तर देताना अरविंद स्वतःचा दाखला देतात. बुद्धीने, शिक्षणाने आणि क्षमतेने आपल्याहून फारच कमी असलेल्या, आध्यात्मिक दृष्ट्याही परिपूर्ण नसलेल्या माणसाच्या हाती मी स्वतःला पूर्णपणे सोपवले, कारण त्याच्यामागे एक शक्ती मला दिसली होती, असा त्यांचा आशय आहे. इतक्या निःशेषपणे स्वतःला सोपवणारा माणूस आपण पूर्वी पाहिला नाही, असे लेल्यांनी इतरांजवळ काढलेले आश्चर्योद्गारही ते याच संदर्भात नोंदवतात.

या निवेदनाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. पत्र लिहिणारा आता स्वतः गुरू आहे आणि वाचणारा शिष्य समर्पणाच्या बाबतीत अडखळतो आहे. लेल्यांचे उणेपण जितके ठळक होईल तितके अरविंदांचे समर्पण उजळून दिसते आणि समर्पणाचे तत्त्व तितके बळकट होते. लेले येथे दृष्टान्ताचे काम करतात. दृष्टान्तातील व्यक्तीचे सर्व पैलू सांगण्याचे बंधन दृष्टान्त देणाऱ्यावर नसते. म्हणून या पत्रांतील तुलना खोटी आहे असे मुळीच म्हणता येत नाही. मात्र तिचा भर कोठे आणि कशासाठी पडतो, हे ध्यानात ठेवावे लागते.

दुसरा प्रकार सायंकालीन संभाषणांचा. १९२३ ते १९२६ या काळात आणि पुढे १९३८ मध्ये पायाला अपघात झाल्यावर अरविंद जवळच्या शिष्यांशी मोकळेपणी बोलत. अंबालाल पुराणी, नीरदबरन यांनी ही संभाषणे मागाहून लिहून ठेवली. सैतानाचा प्रसंग मुख्यतः या परंपरेतून आला आहे. संभाषणात विनोद असतो, श्रोत्यांचे हसू असते आणि कथेला शेवटच्या वाक्यावर तोलून धरण्याचा कल असतो. सैतानाच्या मागे जाण्याची भाषा ही अशा कथेचा नेमका शेवट आहे. श्रोते हसले की लेल्यांच्या शंकेला उत्तर मिळाले असे वाटते. प्रत्यक्षात ती तशीच उरते.

तिसरा प्रकार चरित्रविषयक टिपणांचा. १९४० च्या दशकात के. आर. श्रीनिवास अय्यंगार यांच्यासारख्या चरित्रकारांच्या हस्तलिखितांत दुरुस्त्या करताना अरविंदांनी स्वतःविषयी तृतीयपुरुषी निवेदन केले. तेथे विनोद नाही आणि उपदेशही नाही. लेले कोण, ते केव्हा भेटले, काय घडले, एवढे नेमके सांगितले जाते. आपल्या योगाचा पाया असलेल्या चार मोठ्या अनुभवांपैकी पहिला लेल्यांसोबत बडोद्यास मिळाला, ही कबुली याच टिपणांतील आहे. तृतीयपुरुषामुळे निवेदक आणि विषय यांच्यात जे अंतर पडते, त्यात लेल्यांना त्यांची जागा सर्वाधिक न्यायाने मिळते.

तीन संहितांत तीन लेले आहेत: उणिवा असूनही उपयोगी पडलेला मार्गदर्शक, गमतीदार चुकीचा निर्णय देणारा भाविक, आणि एका महत्त्वाच्या अनुभवाचा साक्षीदार. या तिघांना परस्परांवर ठेवून पाहिल्याखेरीज अरविंदांचे लेल्यांविषयीचे मत अमुक होते असे एका वाक्यात सांगणे धोक्याचे आहे. पत्रांतील वाक्य संदर्भातून काढून निवाड्यासारखे मांडले म्हणजे लेल्यांवर अन्याय होतोच, पण पत्रलेखकाचे प्रयोजनही झाकले जाते.

४

आता प्रत्यक्ष मूल्यमापनाकडे वळू. लेल्यांच्या अधिकाराविषयी अरविंदांचे म्हणणे तीन अंगांनी येते.

पहिले अंग अनुभवाच्या प्रकाराचे. लेले भक्तिमार्गी होते. सगुणाची उपासना आणि अंतःकरणाची शुद्धी हे त्यांच्या साधनेचे केंद्र होते, आणि अद्वैत वेदान्ताला ते अनुकूल नव्हते. अरविंदांना हवी होती कर्मासाठी शक्ती. संन्यास किंवा निर्वाण नको, हे त्यांनी आरंभीच स्पष्ट केले होते. प्रत्यक्षात जो अनुभव आला तो निर्गुणाचा, जगाचे सत्यत्व पुसून टाकणारा. गुरूला भक्ती हवी, शिष्याला शक्ती हवी, आणि दोघांच्या मधून निर्वाण प्रकट झाले. हे दोघांच्याही कल्पनेच्या विरुद्ध होते, असे अरविंद स्वतः नमूद करतात.

या विसंगतीकडून अरविंदांनी काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा आहे. गुरू जे देतो ते त्याच्या मताइतके किंवा त्याच्या स्वतःच्या अनुभवाइतके मर्यादित नसते, असा तो निष्कर्ष. गुरूच्या द्वारे काम करणारी शक्ती गुरूच्या समजुतीपेक्षा मोठी असू शकते. आपल्याकडे सांप्रदायिक चौकटीत गुरूची शिकवण आणि शिष्याचा अनुभव यांत संगती गृहीत धरली जाते. येथे ती संगती तुटली, तरीही गुरूचे देणे खरे ठरले.

दुसरे अंग पद्धतीचे. लेल्यांची सूचना अगदी साधी होती. ध्यानाला बसा, विचार करू नका, केवळ मनाकडे पाहा. विचार बाहेरून आत येताना दिसतील, ते आत शिरण्यापूर्वीच परतवून लावा. विचार बाहेरून येतात ही कल्पना अरविंदांना संपूर्ण नवी होती. पाश्चात्त्य शिक्षणात वाढलेल्या माणसाने तिच्यावर वाद घालायचा, पण त्यांनी ती पडताळून पाहण्यासाठी जसे सांगितले तसे केले. मनाच्या या रचनेची ओळख करून दिल्याबद्दल आपण लेल्यांचे ऋणी आहोत, असे ते स्पष्टपणे लिहितात. म्हणजे पत्रांतील कमीपणाच्या भाषेशेजारीच हे ऋणही उभे आहे. लेल्यांची बुद्धी मर्यादित होती असे म्हणणारा माणूस, बुद्धीच्या स्वरूपाविषयी आपल्याला माहीत नसलेली मूलभूत गोष्ट त्यांच्याकडून शिकला.

तिसरे अंग लेल्यांच्या पारखीचे. आपल्याला योग कर्मासाठी हवा आहे, असे अरविंदांनी सांगितले तेव्हा लेल्यांनी उत्तर दिले होते की तुम्ही कवी आहात, तुम्हाला ते सोपे जाईल. हा उद्गार सहज सुटलेला वाटतो. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र त्यापाशी थांबले पाहिजे. ओळ आपण रचली नाही, ती आली, असे वाटण्याचा अनुभव कवीला असतो. येणाऱ्या शब्दापुढे बाजूला सरण्याची सवय त्याला असते. विचार बाहेरून येतात हे तार्किकाला पटवून द्यावे लागते. कवीला ते अर्धेअधिक ठाऊक असते. लेल्यांनी समोरच्या माणसातील विद्वान आणि पुढारी बाजूला ठेवून कवी नेमका ओळखला आणि त्याला साजेशी रीत योजली. शिक्षक म्हणून त्यांचे सामर्थ्य येथे दिसते. पत्रांतील तुलनेत ते मावत नाही, कारण बुद्धी आणि शिक्षण या मापांनी ते मोजता येत नाही.

५

आता कलकत्त्याच्या भेटीकडे येऊ. अरविंदांच्या बाजूने हा प्रसंग सुसंगत आहे. आतल्या मार्गदर्शकावर संपूर्ण विसंबा, असे लेल्यांनीच सांगितले होते. ते वचन पाळणाऱ्याला ठरावीक वेळच्या ध्यानाचे बंधन उरत नाही. मग लेले पुन्हा सकाळ-संध्याकाळचा हिशोब मागतात, तेव्हा ते स्वतःच दिलेल्या शेवटच्या सूचनेपासून मागे सरतात. सैतानाच्याही मागे जाण्याची तयारी ही त्या सूचनेची टोकापर्यंत नेलेली अंमलबजावणीच होय. या दृष्टीने पाहिले तर शिष्याने गुरूचा शब्द गुरूपेक्षा अधिक पाळला.

पण लेल्यांच्या बाजूने पाहू. मराठी धार्मिक व्यवहारात आतून येणाऱ्या आवाजाविषयी जिव्हाळ्याइतकीच सावधगिरी आहे. अंगात येणे, संचार, बाधा, झपाटणे अशा शब्दांनी ती व्यक्त होते. जे आत बोलते ते देव आहे की दुसरे काही, हे ओळखण्याच्या खुणा परंपरेने जपलेल्या असतात आणि त्यांत नित्यनेमाला मोठे स्थान असते. नेम सुटला आणि तरीही माणूस म्हणतो की आतला चालवतो आहे, तर परंपरेतला जाणता माणूस सावध होतो. अरविंदांच्या कथनात लेल्यांचा शब्द इंग्रजी होऊन येतो. त्या भाषेत सैतान म्हटले की ईश्वराचा वैरी एवढाच अर्थ उरतो. बाधेच्या शंकेत जी चिकित्सा आणि काळजी असते ती त्या शब्दात गळून जाते आणि लेले कर्मठ भासू लागतात.

दुसरी गोष्ट स्थळकाळाची. लेल्यांना बंगालमध्ये बोलावले ते बारींद्रांनी. मुरारीपुकुर येथील माणिकतल्याच्या बागेत तेव्हा गीता आणि बाँब यांचा अभ्यास शेजारी शेजारी चालू होता. या तरुणांना साधना शिकवावी ही बारींद्रांची अपेक्षा. लेल्यांनी त्यांना त्या वाटेपासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, चित्तशुद्धीवाचून हे काम घातक ठरेल असे बजावले आणि देश रक्तपाताशिवाय स्वतंत्र होईल असे सांगितले, अशी बारींद्रांची साक्ष आहे. तरुणांनी ते मानले नाही. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला बाँब पडला. तो किंग्जफर्डसाठी होता. मेल्या त्या केनेडी कुटुंबातील दोन स्त्रिया. २ मे रोजी अरविंदांसह मंडळींना अटक झाली.

लेल्यांचा सैतानाविषयीचा निर्णय आणि बागेतील इशारा यांचा संबंध अरविंदांच्या निवेदनात जोडलेला नाही. तो मी जोडतो आहे. एकाच मुक्कामातल्या या दोन गोष्टी आहेत आणि दोन्हींत एकच चिंता दिसते: ईश्वर करवून घेतो आहे असे म्हणणाऱ्याची परीक्षा कोणी करावयाची? मुंबईच्या भाषणात अरविंदांनी राष्ट्रवादाला ईश्वरापासून आलेला धर्म म्हटले होते. ते भाषण निःशब्द मनातून आले, आणि ते कसे येईल हे लेल्यांनीच शिकवले होते. आपण उघडलेल्या दारातून काय काय आत येऊ शकते, याची जाणीव लेल्यांना काही आठवड्यांतच झाली असावी, असे मला वाटते. बागेतील बेताला अरविंदांची अनुमती किती होती, हा प्रश्न न्यायालयापुढे आला आणि ६ मे १९०९ रोजी ते निर्दोष सुटले. लेल्यांची शंका मात्र न्यायालयीन पुराव्याची नव्हती. आतला आवाज राजकारणात उतरला म्हणजे त्याला बाहेरची कसोटी कोणती, असा तिचा रोख होता. आणि पुढे भारतीय राजकारणात अंतःप्रेरणेची भाषा जेव्हा जेव्हा आली तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला.

असे असले तरी लेल्यांचा निर्णय बरोबर होता, असे यावरून सिद्ध होत नाही. अलीपूरच्या तुरुंगातील वर्षभरात अरविंदांना जो अनुभव आला तो त्यांनी ३० मे १९०९ च्या उत्तरपाड्याच्या भाषणात सांगितला. तुरुंगाच्या भिंती, पहारेकरी, कैदी, न्यायाधीश, सर्वत्र वासुदेवच दिसत होता. लेल्यांना जो सगुण साक्षात्कार घडवायचा होता आणि जो बडोद्याच्या खोलीत घडला नाही, तो सैतानाच्या ताब्यात गेलेल्या शिष्याला कोठडीत घडला. निर्गुणाच्या शून्यात सगुणाने प्रवेश केला. लेल्यांची चूक झाली असेल तर ती येथे: आपल्याला अभिप्रेत असलेले फळ वेगळ्या वाटेने आणि वेगळ्या वेळी येऊ शकते, हे त्यांनी धरले नाही. पण हे जाणण्यासाठी थांबावे लागले असते, आणि भेट तर एप्रिल अखेरच्या आतली होती.

६

या प्रसंगाचे पडसाद अरविंदांच्या सिद्धान्तलेखनात शोधावे लागतात, कारण तेथे लेल्यांचे नाव येत नाही. १९१० मध्ये पाँडिचेरीला गेल्यावर त्यांनी ऑगस्ट १९१४ पासून ‘आर्य’ हे मासिक चालवले. दरमहा चौसष्ट पानांचा मजकूर साडेसहा वर्षे जवळजवळ एकट्याने पुरवणे ही घटनाच निःशब्द मनाच्या दाव्याशी जोडलेली आहे. ‘योगसमन्वय’ ही लेखमाला त्यातलीच. तिच्यात साधनेची चार साहाय्ये सांगितली आहेत: शास्त्र, उत्साह, गुरू आणि काल. अंतिम गुरू हृदयस्थ असून बाहेरचा गुरू त्याचा प्रतिनिधी होय, असे तेथे प्रतिपादन आहे. गुरूची साधने तीन, उपदेश, उदाहरण आणि प्रभाव. त्यांत प्रभावाचे मोल सर्वांत अधिक. निरोपाच्या वेळी लेल्यांनी जे केले, म्हणजे सूचना थांबवून शिष्याला आतल्याच्या हवाली केले, त्याचेच हे तात्त्विक रूप आहे. गुरूने स्वतःला अनावश्यक करावे, हे तत्त्व अरविंदांना पुस्तकात सापडण्यापूर्वी त्यांच्यासमोर आचरून दाखवले गेले होते.

काव्यविचारातही तसेच. ‘आर्य’मध्येच १९१७ पासून आलेल्या ‘भावी कविता’ या विषयावरील लेखमालेत कवितेचे परमोच्च रूप मंत्र होय, असा विचार आहे. मंत्र रचला जात नाही, तो वरून ऐकू येतो. वैदिक परंपरेचा आधार येथे उघड आहे, आणि प्राणायामाच्या काळातील काव्यौघाची आठवणही असणार. त्याबरोबरच, मन शांत झाल्यावर वाणी कोठून येते याचा प्रत्यय अरविंदांना मुंबईच्या सभेत, श्रोत्यांना नमस्कार करून थांबल्यावर आला होता. ‘तुम्ही कवी आहात’ या लेल्यांच्या उद्गाराचे हे दीर्घ भाष्य आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल. पण त्या उद्गाराला वगळून या काव्यशास्त्राची घडण सांगणे अपुरे होईल, एवढे निश्चित.

येथे एक विरोध मात्र नजरेआड करता येत नाही. १९२६ नंतर पाँडिचेरीच्या आश्रमात गुरूच्या प्रभावाला आणि समर्पणाला जे केंद्रस्थान मिळाले, त्यात तीन दिवसांत काम करून बाजूला होणाऱ्या लेल्यांची रीत कितपत उरली? अरविंदांनी लेल्यांकडून घेतलेल्या दोन गोष्टींपैकी, निःशेष समर्पण आणि बाह्य गुरूचे विसर्जन, पहिलीचा उपयोग त्यांच्या पत्रांत वारंवार दिसतो. दुसरी सिद्धान्तात राहिली. पत्रांतील लेले उणे दिसतात त्याचे एक कारण हेही असावे. लेल्यांच्या गुरुपणाचा सर्वांत मोठा भाग त्यांच्या माघारीत होता, आणि शिष्यांना समर्पणासाठी उद्युक्त करणाऱ्या पत्रात माघारीचा गौरव करण्याला वाव थोडा असतो.

अरविंदांच्या साक्षीचे वैशिष्ट्य असे की ती निर्दय वाटण्याइतकी स्पष्ट असूनही तिने लेल्यांना पुसून टाकलेले नाही. आपल्याविरुद्धचा निर्णयही त्यांनी शिष्यांना हसत सांगितला. तो गिळून टाकणे सोपे होते. म्हणूनच आज आपल्याला तो तपासता येतो. एकनाथांच्या अभंगातून जनार्दनस्वामींचा अधिकार कळतो, पण त्यांचा एकनाथांविषयी कधी मतभेद झाला असेल तर तो कळण्याची सोय तेथे नाही. कृतज्ञतेच्या परंपरेने गुरूला अमर केले, परंतु त्याचे वेगळे मत तिने जपले नाही. अरविंदांच्या मूल्यमापक गद्याने लेल्यांचे मोठेपण कमी केले, आणि त्यांचे वेगळे मत जपले. बडोद्याच्या त्या खोलीत काय घडले याविषयी दोघांचे एकमत होते. त्यानंतर काय घडले याविषयी नव्हते. आणि अरविंदांच्या चरित्रकाराने लेल्यांचा तो प्रश्न हसण्यावारी न नेता कथेच्या मध्यभागी परत आणून ठेवला पाहिजे.